अगं बाई, भर पार्किंगमध्ये!

आमच्या सोसायटीत हल्ली कोणाच्या मुलीचं कुठे जुळलं आणि कोणाचं दुबईला जाऊन फिसकटलं, याला कोणी हिंग लावून विचारत नाही. संध्याकाळी बाकावर बसलं की कुजबुज एकाच गोष्टीची: आज कोणी गाडीचं कूलंट घरीच बदललं. परवा ए विंगमधल्या आजींनी मला हात धरून बाजूला नेलं. आजींचा वाहनांशी संबंध स्कूटरच्या मागच्या सीटपुरता. म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावरच्याचं कळलं का? सात वर्षं तेच ठेवलं होतं म्हणे त्याने. काल काढलं, तर निव्वळ गंजाचं पाणी!" 'सात वर्षं' म्हणताना त्यांनी आवाज असा काही खाली नेला, की मला आधी हा घरगुती मामला वाटला.

पूर्वी रविवारी सकाळी सभ्य माणसं मिसळ खायला जायची. आमच्याकडे आता रविवारी सात वाजता पार्किंगमध्ये पाय दिसतात. नुसते पाय. उरलेला माणूस गाडीखाली. घरात ज्याने गेल्या दिवाळीपासून पंख्याची धूळ पुसलेली नाही, तो इथे पाठीखाली पुठ्ठा घेऊन रेडिएटरच्या तळाचा ड्रेन कॉक चाचपतोय, आणि चाचपताना गाडीशी इतक्या हळुवार आवाजात बोलतोय की ऐकणाऱ्याने लाजावं. वर बाल्कनीत त्याची बायको कप हातात धरून हे सगळं बघते. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. मला याच सोसायटीत राहायचं आहे.

बरं, काढलेलं कूलंट धरायचं कशात? इथून खरी भानगड सुरू होते. एकामागोमाग एक घरांतून भांडी नाहीशी व्हायला लागली. कुठे कणकेची परात, कुठे माहेरून आलेलं घमेलं, एका घरातून तर पुरण शिजवायचं पातेलं. सी विंगमधल्या वहिनींना आपली परात पार्किंगमध्ये हिरव्यागार पाण्याने भरलेली दिसली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. वर गेल्या आणि नवऱ्याला निरोप पाठवला: परात आता तुमचीच, आजपासून पोळ्याही तुमच्याच. यात बाई शंभर टक्के बरोबर होत्या. कूलंट पडलेलं भांडं कितीही घासलं तरी पुन्हा ओट्यावर येता कामा नये. का, ते पुढे सांगते, कारण ती गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

हे लोण कोणी आणलं ते सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या मजल्यावरचा आयटीवाला. त्याने गाडी सर्व्हिसिंगला दिली आणि दुपारी फोन आला, "सर, कूलंट रिप्लेस करावं लागेल, फ्लशिंगसकट." आकडा ऐकून तो गप्प झाला. मग त्याने हिशेब मांडला. तयार कूलंट लिटरला दोनशे ते चारशे रुपये, छोट्या गाडीत सगळं मिळून चार-पाच लिटर मावतं, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बॅटरीवाल्याकडे मिळतो. मग ते लोक एवढे पैसे घेतात कशाचे? पुढच्या रविवारी त्याने स्वतःच बदललं, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'टोटल सेव्हिंग'. बस्स. दहीहंडीच्या थराला लागावेत तसे लोक त्याच्यामागे लागले.

वाचलेल्या पैशांचं काय झालं, हे मात्र ग्रुपवर आलं नाही. ते मी सांगते. आधी न सांडणारं नरसाळं आलं. मग जॅकवर भरवसा नको म्हणून स्टँड आले. मग रिफ्रॅक्टोमीटर नावाची एक नळी आली. तिच्या काचेवर कूलंटचा थेंब ठेवायचा, नळी उजेडाकडे धरून डोळ्याला लावायची आणि 'हं' म्हणायचं. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत आमच्या सोसायटीतली माणसं एकमेकांना भेटून ओशाळायला लागली. एकजण रविवारी जुन्या बाजारात जाऊन पान्ह्यांचा अख्खा संच घेऊन आला, त्यातला नेमका हवा तो पान्हा नव्हता म्हणून बुधवारी परत गेला. ऑफिसला काय कारण सांगितलं ते विचारू नका.

आता हे कूलंट करतं काय, तेवढं ऐकून ठेवा, म्हणजे बाकावर बसलात तर गप्प बसावं लागणार नाही. पेट्रोल जळून जेवढी ऊर्जा चाकांपर्यंत पोचते, ढोबळमानाने तेवढीच उष्णता इंजिनाच्या भिंतींतून उचलून बाहेर न्यावी लागते. ती नेणारं पाणी आणि त्यात मिसळलेलं इथिलीन ग्लायकॉल. या दोघांचं प्रकरण मजेशीर आहे. पाणी एकटं असलं की ० अंशाला गोठतं. ग्लायकॉल एकटं असलं की उणे १३ च्या आसपास. दोघं निम्मेनिम्म एकत्र आली की उणे ३७ पर्यंत गोठायचं नाव नाही. वर हे मिश्रण उकळतंही १०७ च्या आसपास, आणि रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवत असल्यामुळे प्रत्यक्षात सव्वाशे अंशांपलीकडे दम धरतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो हाच दाब.

पुण्यात उणे ३७ घेऊन काय करायचं, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ पहाटे दव गोठलं की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. आपला थंडीशी संबंध तेवढाच. आपल्याला कूलंट हवं ते उकळी लांबवायला आणि गंज रोखायला. गंज रोखणारी द्रव्यं त्यात घातलेली असतात, आणि वर्षं सरली की संपतात ती ही द्रव्यं. म्हणून बदलायचं. जुन्या पद्धतीचं असेल तर साधारण दोन वर्षांनी, लाँग लाइफ म्हणतात ते असेल तर पाच किंवा त्याहून जास्त. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण पुस्तिका वाचण्यात कसली आली मजा!

बी विंगमधल्या एका महाशयांनी 'जास्त घातलं की जास्त थंड' या न्यायाने पाणी न मिसळता निव्वळ कॉन्सन्ट्रेट ओतलं. उष्णता वाहून न्यायचं काम पाणी जास्त चांगलं करतं, ग्लायकॉल त्यात कमी पडतं, हे त्यांना खंबाटकी घाट चढताना समजलं. काटा वर, बायको गप्प, मागे सासरे. सासऱ्यांनी म्हणे एकच वाक्य उच्चारलं, "आमच्या फियाटमध्ये आम्ही साधं पाणी घालायचो."

घालायचे, खरंच घालायचे. आणि थांबायचेही दर घाटात. मे महिन्यात कसारा म्हणा, खंबाटकी म्हणा, रस्त्याच्या कडेला बोनेट वर केलेल्या गाड्यांची रांग, वाफ, ओल्या फडक्याने झाकण धरून उभा असलेला ड्रायव्हर, आणि पोरांच्या हातात पाण्याचे डबे. डिकीत पाच लिटरचा कॅन नसलेला माणूस बेजबाबदार समजला जायचा. तेव्हा गाडीला पाणी पाजणं हे सर्वांनाच यायचं आणि त्याचं कोणाला कौतुकही नव्हतं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हळूहळू लोकांनी बोनेट उघडणंच सोडलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे तीच फियाट, ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आणि आता त्याच फियाटवाल्यांची पोरं बोनेट उघडून एकमेकांचे फोटो काढतात. मला विचाराल तर आमच्याकडच्या वेडामागे बिलाइतकंच हेही आहे: आपल्या पैशाची वस्तू, पण तिचं पोट आपण कधी पाहिलेलं नाही, याची खंत.

आणि खरं तर या असभ्य प्रकाराचा मान एका बाईकडे जातो. ऑगस्ट १८८८. जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल बेंझ झोपलेला, आणि त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन दोन पोरांसह माहेरी निघाली, प्फोर्त्सहाइमला. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. तेव्हा रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं, म्हणून वाटेत जिथे पाणी दिसेल तिथे थांबून भरायचं. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. तार उघडी पडली, ती मोज्याच्या बंधाने गुंडाळली. हो, मोज्याच्या बंधाने, भर रस्त्यात, १८८८ साली! ब्रेक झिजले तर चांभाराकडून ठोकळ्यांना चामडं ठोकून घेतलं. वाटेतल्या वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून इंधन म्हणून लिग्रोईन विकत घेतलं. त्या गावांतल्या बाकांवर त्या संध्याकाळी काय चर्चा रंगली असेल, नुसती कल्पना करा. आमच्याकडच्या पुरुषांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, "बरोबर आहे, पण तिने डिस्टिल्ड वॉटर वापरलं नाही."

आता रंगांकडे येऊ, कारण आमच्या सोसायटीत खरी फूट पडली ती रंगांवरून. हिरवं, निळं, गुलाबी, केशरी, जांभळं. सुझुकीचं लाँग लाइफ निळं, टोयोटाचं गुलाबी, फोक्सवॅगनकडचं जांभळट. इथे आमचे डी विंगमधले काका उभे राहतात. बँकेतून निवृत्त झालेले. पुतण्याच्या आंतरजातीय लग्नात ज्यांनी स्वतः उभं राहून पंगत वाढली, ते काका कूलंटच्या बाबतीत इतके कट्टर निघतील असं कोणाला वाटलं नव्हतं. त्यांच्या गाडीला कंपनीकडूनच गुलाबी येतं. सगळ्या सोसायटीत गुलाबी त्यांच्या एकट्याकडे. आणि काका ज्याला त्याला बजावत फिरतात, "हिरव्यात गुलाबी मिसळलं की आत दही लागतं. दही! रेडिएटर फेकून द्यावा लागतो." आयटीवाल्याने एकदा कमी पडलं म्हणून उरलेलं हिरवं निळ्यात ओतलं, तर काकांनी पंधरा दिवस त्याच्याशी लिफ्टमध्ये अबोला धरला.

वस्तुस्थिती अशी की रंग हा नुसता रंग आहे. गळती लगेच दिसावी आणि आपला माल ओळखू यावा म्हणून घातलेला. कोणत्या रंगात कोणतं रसायन, याचा सगळ्या कंपन्यांनी मिळून पाळलेला नियम नाही. फरक असतो तो आतल्या गंजरोधकांत. जुन्या हिरव्यात सिलिकेट वगैरे असायची, पटकन काम करणारी आणि पटकन संपणारी. नंतर सेंद्रिय आम्लांवर चालणारी आली, सावकाश काम करणारी, जास्त टिकणारी. युरोपातल्या कंपन्या फॉस्फेटला नाक मुरडतात, कारण तिकडे पाणी जड, त्यात फॉस्फेट पडलं की खर बसतो. जपानी कंपन्या फॉस्फेटला जवळ करतात आणि सिलिकेटला दूर ठेवतात, वॉटर पंपाच्या सीलची काळजी म्हणून. दोन घराण्यांचं मिसळलं की बहुतेक वेळा दही-बिही लागत नाही. गंजरोधकं एकमेकांचं आयुष्य कमी करतात आणि पाच वर्षांचं दोन वर्षांवर येतं. क्वचित गाळही धरतो. अमेरिकेत जनरल मोटर्सने नव्वदच्या दशकात मोठ्या दिमाखात आणलेल्या केशरी कूलंटवरून ग्राहकांनी खटले भरले आणि २००८ मध्ये कंपनीने तडजोड केली, तेव्हा रंगीत पाण्यावरून भांडणारे आम्हीच पहिले नाही. पण काकांना हे सांगायला जाणार कोण? ते 'दही' म्हणताना सुखी दिसतात.

मात्र या साऱ्यांची खरी फटफजिती झाली ती निवृत्त गणिताच्या बाईंकडून. बाई ए विंगच्या तळमजल्यावर राहतात, खिडकी पार्किंगकडे उघडते, आणि हे सगळं त्या पहिल्या दिवसापासून बघत होत्या. एका रविवारी आयटीवाला चार तरुणांना शिकवत होता: खालचा कॉक उघडला, जुनं काढलं, डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन फिरवलं, गार झाल्यावर तेही काढलं, परत भरलं, परत काढलं, आता स्वच्छ. आता ओता तयार निम्मेनिम्म कूलंट. झालं!

खिडकीतून आवाज आला, "किती लिटर बसतं तुझ्या गाडीत?"

"पाच, बाई."

"आणि खालून निघालं किती?"

"तीन."

"मग दोन लिटर कुठे आहे?"

शांतता. ते दोन लिटर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या जाळीत बसलेलं असतं, रेडिएटरचा कॉक उघडून ते येत नाही. बाईंनी खिडकीतूनच फळ्यावर लिहिल्यासारखं बोट फिरवलं. दर खेपेला पाचातले दोन उरतात, म्हणजे ४० टक्के. पहिल्या खेपेनंतर जुनं ४० टक्के, दुसरीनंतर १६, तिसरीनंतर साडेसहाच्या आत. हे ठीक. पण आता आत उरलंय दोन लिटर जवळजवळ निव्वळ पाणी, आणि तू वर ओततोयस तीन लिटर निम्मेनिम्म. म्हणजे पाच लिटरात ग्लायकॉल फक्त दीड. ५० टक्के कुठे, ३० टक्के झालं. "म्हणजे डब्यावर छापलेल्या गंजरोधकाचाही साठच टक्के भाग तुझ्या गाडीत गेला. यासाठी एवढा रविवार घालवलास?"

मग करायचं काय? "आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट ओत. उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भर. आतलं दोन लिटर पाणी कुठे जातंय?" त्या दिवशी दुपारी सोसायटीतल्या बहुतेक सर्व रिफ्रॅक्टोमीटर नळ्या पुन्हा बाहेर निघाल्या, आणि त्यांत ग्लायकॉलचं प्रमाण किती दिसलं याबद्दल सर्व पुरुषांनी कडकडीत मौन पाळलं. ग्रुपवर 'टोटल सेव्हिंग'चे जुने फोटो मात्र एकेक करून नाहीसे झाले.

डिस्टिल्डच का, हाही वाद झालाच. आमच्या भागात निम्मी सोसायटी टँकर आणि बोअरवर जगते. त्या पाण्याने बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते, तीच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरणार. त्यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

पण पुरुषांना सगळ्यात जास्त चढतं ते हवा काढण्याच्या वेळी. नवं कूलंट भरलं की आत हवेचे बुडबुडे अडकतात. ते काढायला झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा आणि थांबायचं. सुमारे ८० ते ९० अंशांवर थर्मोस्टॅट नावाची झडप उघडते, वरचा होज पाइप हाताला गरम लागतो, नरसाळ्यात बुडबुडे यायला लागतात. मग फॅन सुरू होतो, मग आणखी थोडं ओतायचं. आता हे दृश्य डोळ्यांसमोर आणा: मे महिना, पुण्यात ४० अंश, आणि एक सुशिक्षित माणूस बंद गाडीत हीटर लावून घामाने निथळत बसला आहे, बाहेरून त्याचा मित्र ओरडतोय, "आले का? बुडबुडे आले का?" लिफ्टमधून उतरलेल्या कुरिअरच्या मुलाने हे पाहिलं आणि सही न घेताच निघून गेला.

चेष्टा बाजूला ठेवून दोन गोष्टी. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर असतं, झाकण सैल झालं की ते तोंडावर उडतं आणि कातडी सोलून काढतं. ओलं फडकं वगैरे शौर्य घाटातल्या ड्रायव्हरांनी केलं, त्यातल्या अनेकांच्या हातांवर खुणा आहेत. आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये अर्धा-अर्धा तास इंजिन चालू ठेवायचं नाही. तो धूर दिसत नाही, पण मारतो. आमच्या सेक्रेटरींनी याची नोटीस लावली, तर खाली कोणीतरी पेनाने लिहिलं, 'मग हवा कुठे काढायची?'

नाक्यावरच्या मिस्त्रीला या सगळ्याचा राग येईल असं मला वाटलं होतं. तो उलट खूश आहे. "ताई, आधी बदलायचे पैसे मिळायचे, आता दुरुस्तीचे मिळतात." प्लॅस्टिकचा ड्रेन कॉक जोर लावून पिरगळला की तुटतो, क्लॅम्प पकडीने दाबून भलत्याच जागी सरकवला की दुसऱ्या दिवशी होज ठिबकायला लागतो. आणि हवा आत राहिली की काटा वर आणि हीटर थंड, असली गाडी घेऊन माणसं मान खाली घालून त्याच्याकडे येतात. तो विचारतो, "घरी केलं का, साहेब?" साहेब म्हणतात, "नाही, मुलाने केलं." मिस्त्रीही काही धुतल्या तांदळाचा नाही. 'थर्मोस्टॅट काढूनच टाकतो, गाडी गरम व्हायचा प्रश्न नाही' हा त्याचा जुना सल्ला, आणि तो सपशेल चुकीचा: इंजिन कायम थंडसर राहतं, गाडीचा संगणक त्याला थंड समजून पेट्रोल जास्त पाजत राहतो.

आता ती न हसण्याची गोष्ट. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. गोड आणि विषारी. पार्किंगमध्ये सांडलेलं मांजरीने चाटलं तर चमचाभरही तिचा जीव घ्यायला पुरतं. शरीरात गेल्यावर यकृत त्याचं तोडकाम करत त्यातून ऑक्झॅलिक आम्ल बनवतं, त्याचे कॅल्शियमबरोबर खडे होतात आणि मूत्रपिंडं बंद पडतात. माणसाच्या पोरालाही हाच धोका. डॉक्टरांकडचा एक जुना उतारा म्हणजे चक्क दारू: यकृताला अल्कोहोलच्या कामात गुंतवायचं, म्हणजे ते ग्लायकॉलकडे वळत नाही. हे इस्पितळात, मापाने. घरी कोणी प्रयोग करू नका, आणि हे वाचून दुसऱ्या मजल्यावर कोणी 'बघ, औषध आहे' म्हणूही नका. गोडव्याचा मोह माणसाला किती पडतो ते पाहायचं असेल तर १९८५ सालचं ऑस्ट्रियातलं प्रकरण आठवा: स्वस्तातली वाइन महागड्या वाइनसारखी गोड आणि दाट लागावी म्हणून व्यापाऱ्यांनी तिच्यात याच ग्लायकॉलचा चुलतभाऊ, डायइथिलीन ग्लायकॉल, मिसळला होता. जगभर बोभाटा झाला. काही देशांत आता कूलंटमध्ये मुद्दाम कडू द्रव्य घालतात. आपल्याकडे बाटलीवर 'मुलांपासून दूर ठेवा' असतं, आणि बाटली बुटांच्या कपाटात असते.

म्हणून मला या साऱ्या चर्चेत एकच प्रश्न पडायचा आणि तो कोणी विचारत नव्हतं. काय ओतलं यावर तासन् तास. जे काढलं ते गेलं कुठे? फ्लशिंगच्या खेपा धरल्या तर एका गाडीमागे दहा लिटरच्या वर रंगीत पाणी निघतं, जुन्या कूलंटमध्ये इंजिनातल्या धातूंचा अंशही उतरलेला असतो. नाक्यावरचे गॅरेजवाले ते गटारात सोडतात, हे आपल्या सर्वांना माहीत आहे आणि आपण सर्वांनी ते पाहिलेलं नाही. आमच्याकडे म्हणाल तर जनरेटरच्या खोलीत तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून ठेवायचं आणि मग घातक कचरा नेणाऱ्या माणसाकडे द्यायचं, असं ठरलं होतं. ठराव काकांनीच मांडला होता. रामनदी इथून कशी वाहते, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधजवळ मुळेला कशी मिळते, आपल्या चेंबरमधलं पाणी तिच्यात कसं जातं, हे त्यांनी मीटिंगमध्ये नकाशा लावून सांगितलं. टाळ्या पडल्या.

आणि गेल्या सोमवारी सकाळी वॉचमन सेक्रेटरींना बोलवायला आला. मागच्या बाजूच्या पावसाळी चेंबरची जाळी, तिच्या भोवतीचं सिमेंट, खाली वाहत गेलेला ओघळ, सगळं गुलाबी. फिकट, पण गुलाबी. कॅमेऱ्यात रात्री साडेअकराला एक माणूस बादली घेऊन जाताना दिसतो, डोक्यावर माकडटोपी. मे महिन्यात माकडटोपी! चेहरा दिसत नाही. सेक्रेटरींनी ग्रुपवर सभ्यपणे लिहिलं की ओळख पटलेली नाही, चौकशी चालू आहे.

काका खाली आले, चेंबरपाशी उभे राहिले, मान हलवली आणि म्हणाले, "रंगपंचमीचा रंग असणार. पोरं ऐकत नाहीत."

रंगपंचमी होऊन दोन महिने झाले होते, वॉचमनने आठवण करून दिली.